अवग्रह

कोडमअण्णांच्या दुकानात, हार्मोनियमच्या भात्यांमागं,
एप्रिलातल्या एका मंगळवारी ती आली.
डॉक्टर कलशेट्टींनी मागवलेली. बाहेरच्या देशातली.
अण्णांनी आकडा तोंडानं सांगितला नाही, पावती पुढं सरकवली.
मी वाचली, आणि सवयीनं चादरींत भागाकार केला :
साखर पेठेतला आमचा अख्खा बोळ पांघरून झोपेल,
वर पाहुण्यांना उरतील.

"चेतुलु कडुक्को," अण्णा म्हणाले. आधी हात धू.
धुतले. दोनदा.
नखांतला पुठ्ठ्याचा भुगा तेवढा निघाला नाही.
मी जकार्डचे पुठ्ठे पाडतो.
कुठं भोक, कुठं नाही, एवढाच माझा धंदा;
मोर पुढं मागावर आपोआप होतो.

पेटी उघडली.
काहिलीत गूळ शिजताना मध्ये मधाळ राहतो
आणि काठाकाठानं करपत जातो,
तो रंग घेऊन ती मखमलीत पडलेली.
कडेला दुधी पट्टी, म्हाताऱ्या दातासारखी पिवळट.
सोनेरी खुंट्या. खाली एक वाकडा दांडा,
बोट टेकलं तरी सूर लवतो म्हणे.
आणि पोटावर दोन्ही अंगांना कोरलेले
दोन अवग्रह. एक सुलटा, एक आरशातला.
खरातबाईंनी फळ्यावर काढून दाखवला होता :
हा दिसला की पोरांनो, श्वास सोडायचा नाही, स्वर लांबवायचा.
ऽ

त्यातून आत डोकावलो.
अंधार, ताज्या लाकडाचा वास, एक चिकटवलेली चिठ्ठी,
तीवर कुणाची तरी घाईतली सही.
भोकांच्याच धंद्यातला असणार.

"आत काहीच नाही, अण्णा?"
"काही नसण्याचेच पैसे बे."
आणि आमच्यात बडा घर पोकळ वासा म्हणून
सोयरिकी मोडतात.

मग त्यांनी पाठ दाखवली.
हिप्परग्याचा तळ मे महिन्यात फाटतो
तशा वार्निशला बारीक चिरा. कोपऱ्यावर रंग उडालेला.
"जुनी आहे?"
"नवीच. मुद्दाम जुनी केलीय. त्याचे वेगळे लागतात."
मी हसायला हवं होतं.
बाबांचा माग एकसष्ट सालचा. त्याच्या लाकडी हत्त्याला
त्यांच्या तळव्याची खळगी पडलेली, कुणी मुद्दाम न पाडलेली.
भंगारवाल्यानं लोखंड तोलून नेलं,
हत्त्या काढून परत दिला : ह्याला काय वजन, मालक.

"वाजव. पण तार जोडायची नाही. डबा डॉक्टरांकडं आहे."
मी वाजवली. म्हणजे बोटं हलली.
भिंतीपलीकडं गाजुलांचे चोवीस माग, खटाखट खटाखट,
लग्नाच्या ऑर्केस्ट्रात माझा ठोकळा नगाऱ्यापुढं जसा,
तसंच, काही ऐकू येईना.
आणि लाइट गेली.
पंखा मंदावला. माग एकेक करून थांबले,
शेवटचा धोटा कुठंतरी अध्येमध्ये अडकला.
एवढी शांतता ह्या गल्लीत मी मयतीलाच ऐकलेली.
मी पुन्हा छेडलं.

विजेचं वाद्य, विजेवाचून, बोललं.
मोठ्यानं नाही. ज्याच्या पोटाशी आहे त्यालाच कळेल इतकं.
बरगडीला लागलं ते. खालची तार तर
बेंबीच्या आसपास कुठंतरी वाजली.
अण्णांनी विचारलं, कशी आहे?
त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.
मी म्हणालो, बरी आहे.

किती वेळ, माहीत नाही. घामाचा एक थेंब
अवग्रहाच्या काठावर पडता पडता मनगटानं अडवला.
मग लाइट आली, माग सुरू झाले,
आणि अण्णांनी माझ्या हातून ती घेतली,
तान्हं पोर दुसऱ्याकडून परत घेतात तशी, मानेखाली हात घालून.

माझ्या बोटांचे ठसे त्यांनी नॅपकिननं पुसले.
नॅपकिन आमच्याच कारखान्यातला. काठाला मोर.
त्या मोराच्या मानेत एक भोक चुकलेलं आहे,
तीन वर्षं झाली, अजून कुणाच्या लक्षात आलं नाही.
ते सांगावंसं वाटलं.
अण्णा पेटीच्या कड्या लावत होते.