फोन इंजिनजवळ धरून

माझं शिलाई मशीन मीच उघडते,
आधी तेल, मग शटल, मग नशीब.
म्हणून शिरोड्यात आमच्या बाजूला
कुणाचं काही बंद पडलं की
माझ्या पायरीवर आणून ठेवतात:
मिक्सर, इस्त्री, देवळातला माईक,
एकदा तर फादरनी दारावरची बेल पाठवली, पिशवीतून.
निम्म्या वस्तूंना उघडून फुंकर घातली तरी पुरतं.
उरलेल्यांत मुंग्या असतात.

स्कूटर मात्र कधी उघडली नव्हती.

जोव्हितोचा फोन स्विंडनहून:
कुंदाबाय, पप्पाची बजाज चालू होते का बघ,
रविवारी बोरीहून माणूस येतोय घ्यायला.
चार पावसाळे ती बलकांवच्या कडेला ताडपत्रीखाली.
टायर बसलेले, आरशात
जुवारीच्या खाऱ्या वाऱ्यानं पाडलेले डाग.
किल्ली माझ्याकडेच होती, बटणांच्या डब्यात.

तिथं रात्रीचा एक, त्याची जेवणाची सुट्टी.
इथं साडेसहा, अंगण अजून ओलं.
अर्ध्या तासात जेवढं होईल तेवढं.

पहिल्या दिवशी पेट्रोल. टाकीतून निघालं ते
जुन्या वॉर्निशसारखं, नाक जाळणारं.
दुसऱ्या दिवशी प्लग. पॉलिश पेपरनं घासला,
इंजिनाला टेकवून किक मारली.
ठिणगी आहे?
आहे.
रंग?
निळा.
निळा म्हणजे बरा, असं तो म्हणाला आणि काहीतरी चावत राहिला.
तिसऱ्या दिवशी कार्बोरेटर, केसाएवढ्या भोकाचा जेट.
मी नऊ नंबरची सुई उचलली,
सुई नको, तो ओरडला, भोक मोठं होईल,
मग जन्मभर पेट्रोल पिईल ती.
मी नायलॉनचा दोरा ओवला.
दोरा ओवायला मला कुणी शिकवू नये.

चौथ्या दिवशी जरा वाकडी केली, सरळ केली,
चोक ओढला, किक.
लागली! आणि घुसमटून गेली.
परत लागली, परत गेली.
फोन मागे धर, सायलेन्सरजवळ, तो म्हणाला.
खूप वेळ गप्प.
मग म्हणाला, श्वास आत जातोय गं,
बाहेर येत नाही.

छत्रीची काडी मोडून आत घातली.
लाल माती पडली, नीट मळलेली,
करंगळीएवढ्या खोल्या, एकीला एक चिकटून.
कुंभारमाशीचं काम.
प्रत्येक खोलीला एक गोल भोक,
आतून पाडलेलं.
सगळ्या रिकाम्या. कधीच्या.

काय होतं? त्यानं विचारलं.
माती, मी म्हटलं.

पुढच्या किकला अंगणभर निळा धूर,
कुत्रं पळालं, जांबावरचे पक्षी उडाले.
हात कापत होता माझा, फोन तरी धरला.
तेवढ्यात पोदेर आला सायकलवर, पों पों करत,
पलीकडून राशोलच्या फेरीबोटीचा भोंगा.
बंद कर, जोव्हितो म्हणाला.
केली.
आता परत चालू कर.
अरे, झाली की दुरुस्त.
परत एकदा, कुंदाबाय. सारकें आयकूंक येना.
मी परत किक मारली. पोदेर थांबून बघत राहिला.
सहा वेळा.
सातव्याला त्याच्या बाजूनं शिट्टी वाजली, सुट्टी संपल्याची,
आणि तो घाईघाईत म्हणाला,
बोरीच्या माणसाला सांग,
अजून थोडं काम बाकी आहे.

काय बाकी आहे ते मी विचारलं नाही.

सोमवारी पाहिलं तर सायलेन्सरपाशी एक माशी घुटमळतेय,
तोंडात ओल्या मातीची गोळी.
घरात गेले, ब्लाऊजचं उरलेलं अस्तर काढलं,
नळीचं माप घेतलं, दोन इंचांना सूतभर कमी,
आणि नाडी घालून टोपी शिवली.
रोज सकाळी सोडायची,
एक किक मारायची,
इंजिन निवलं की परत बांधायची.