राजापुरी

उंची वाढवली दोन बोटं.
नाक राहू दिलं, ते आईचं.
गालावर व्रण. कुठल्या लढाईतला, ते ठरायचंय.

नाव टाका म्हणालं. रुद्र, वाघनख, काळरात्र,
सगळी आधीच कुणीकुणी घेतलेली.
मग हळदीच्या पोत्यावरचंच टाकलं : राजापुरी.

राजापुरी कमी बोलते.
दारात थांबून आधी वारा हुंगते.
उधारी विसरत नाही.
हे सगळं मीच ठरवलं, रात्री दोनला,
सांगलीच्या मार्केट यार्डामागच्या खोलीत,
नखांतल्या पिवळ्यानं कीबोर्ड माखत.

सकाळी चौगुले शेठ म्हणाले,
पगाराचं पुढच्या महिन्यात बघू.
मी मान हलवणारच होतो,
तेवढ्यात ती दारात थांबली.
नाक वर करून वारा हुंगला.

"सर्दी झालीय का रे?" शेठ म्हणाले.

नाही, म्हटलं.