जशी होती तशी

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या शेडमध्ये
ही जीप आली तेव्हा टपावर कोंबडीची पिसं होती.
लिलावातून ती गेली उसाच्या मुकादमाकडे,
तिथून संकेश्वरच्या अंडीवाल्याकडे,
मग पाच पावसाळे एका चिंचेखाली.
हलगेकर मालक म्हणाले, पैशाचं बघू नको,
मला ती जशी होती तशी पाहिजे,
ड्यूटीवर होती तशी.
रस्त्यावर न्यायची नाही, आरटीओ सोडायचा नाही.
दिवा पेटवायचा नाही, भोंगा वाजवायचा नाही,
नुसती उभी करायची कारखान्याच्या दारात.
का, ते त्यांनी सांगितलं नाही.

पाणपेपर धरला आणि रंग उलटे चालू लागले:
अंडीवाल्याचा पांढरा,
मुकादमाचा भडक हिरवा, त्यावर अर्धा बैल,
मग ऑक्साईडचा पातळ पापुद्रा,
आणि त्याखाली ती खाकी.
डोळ्याआधी बोटालाच ओळख पटली.

डाव्या दारात लांबी भरलेली, बोटभर जाड.
छिन्नीनं उडवली. आत पोचा, वाटीएवढा.
मी डेंटर. पोचा दिसला की हात थांबत नाही.
बाहेरून ठोकळा, आतून हातोडी,
अर्ध्या तासात दार आरशासारखं.

दुसऱ्या दिवशी हुक्केरीच्या बसनं गुरुसिद्दप्पा तळवार आले.
अकरा वर्षं हीच जीप चालवलेली.
वायरलेस इथं, म्हणाले. काठीचे हुक दोन,
एक तुटका, तारेनं बांधलेला. तारेनंच बांधा.
साहेबांची सीट फोमची, माझी गोणपाटाची.
दारापाशी आले आणि थांबले.
हात फिरवला, परत फिरवला,
अंधारात उंबरा शोधावा तसा.
"एल्लि होय्तु? इथं एक होतं की."

काढलं, म्हटलं मी.
"काढायचं नव्हतं. नऊ वर्षं त्याच्यासकट फिरली गाडी.
डिपार्टमेंटकडं कुठलं बजेट!"
कशाचा होता, मी विचारलं, हातोडी पुसत.
"दगडाचा. कंग्राळ गल्लीच्या तोंडाला, बंदच्या दिवशी.
साहेब उतरलेले. मी एकटाच आत.
भांडं पडल्यासारखा आवाज आला बघा."

तो आवाज मला पाठ आहे.
मी तेव्हा नववीत, दुसऱ्यांदा.
पळताना एक चप्पल गटारात गेली.
मागं बघितलं नाही.
त्या दिवशी दगड पुष्कळ होते, गाड्याही दोन-तीन,
हा हिशेब मी इतकी वर्षं असाच मांडत आलोय.

हातोडीनं पोचा पाडून बघितला. जमेना.
हातोडीचा पोचा शहाणा, मधोमध बसतो, कडा सारख्या.
तळवार मान हलवत राहिले.
"हे गॅरेजचं झालं. ते रस्त्याचं होतं."
तीनदा पाडला, तीनदा सरळ केला, पत्रा तापला.
शेवटी तेच उठून गेले, भट्टीमागून
एक काळा दगड आणला, माझ्या हातात दिला,
आणि जाऊन गोणपाटावर बसले,
दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोर बघत.
"हाणा की."

मी पंधरा पावलं मागं गेलो.
दगड बॉनेटवरून पलीकडे, शेडच्या पत्र्यावर.
तळवारांनी मान वळवली नाही. एवढंच म्हणाले,
"तेव्हा नेम बरा होता."
कुणाचा, ते मी विचारलं नाही.
दुसरा बसला.

चौथ्या दिवशी, खाकी वाळल्यावर,
बाबाजान पेंटर आला, लुना भिंतीला टेकवून.
खडूनं तीन कन्नड अक्षरं आखली.
"मधलं खड्ड्यात येतंय. वर सरकवू काय?"
"बेड," तळवार म्हणाले, "तेव्हाही तिथंच होतं."
बाबाजाननं ब्रश झटकला, श्वास धरला.
अक्षराचं वळण पोच्यात उतरलं,
खाली जरा थांबलं,
पलीकडच्या कडेनं वर आलं.
मी दार आतून धरून उभा होतो,
हलू नये म्हणून.