अर्धा त

वडील खेतवाडीत जुळारी होते,
अकराव्या गल्लीत, धुरूंच्या छापखान्यात,
जिन्याखाली, जिथे भर दुपारीही बल्ब लागायचा.
पुंडलिक आरोंदेकर. पगारपत्रकावर कायम 'अरोंदेकर'.
जन्मभर लोकांच्या चुका काढल्या, स्वतःचा काना राहून गेला.

ते मजकूर वाचत नसत, पाठमोरा बघत.
लाल सभेचं भाषण असो, निळ्याचं हँडबिल,
की सोसायटीच्या पाण्याची तक्रार,
शिशाला सगळं सारखंच जड.

शाळेत निबंध होता: विचारसरणी म्हणजे काय?
मी विचारलं. त्यांनी हातही पुसले नाहीत,
खणातून एक क काढून माझ्या तळहातावर ठेवला.
गाठ झिजून सपाट.
"हा संपातला. कामगार, कामगार, कामगार.
वर्षात चारदा क मागवले."
मग म दाखवला, तो त्याच्याही आधी गेलेला,
आम्ही आणि आमचं करून करून.
आणि ध. ध पूर्वी कुणाला फारसा लागतच नसे,
शेठचं आडनाव आणि धनत्रयोदशीची जाहिरात सोडली तर.
आता ध पुरत नव्हता,
आणि नवे क खणात पडून होते,
चकचकीत, बेकार.

निबंधात मी यातलं काही लिहिलं नाही.
बाईंनी फळ्यावर दिलेली व्याख्या उतरवली.
दहापैकी सात.

त्या जानेवारीत डोंगरीच्या अंगाने धूर दिसत होता.
रमाकांत डोळस आला, मंडळाचा खजिनदार,
वर्गणीची पावतीपुस्तकं दरवर्षी आमच्याकडचीच.
एक कागद. त्यात 'त्यांना' अकरा वेळा.
वडिलांनी तो दोनदा वाचला. सरळ धरून.
"अर्धा त संपलाय."
"म्हणजे?"
"त्यांना जुळत नाही."

शेठनी खण ओढला. रिकामा.
धुळीत बारीक चौकोनी खुणा.

अर्धे त डब्यात होते, रुमालात, पोळ्यांच्या खाली.
रात्री आईने डबा घासायला घेतला आणि ते खडखडले.
"शिसं? अन्नात?"
त्यावर वडिलांकडे उत्तर नव्हतं.

तीन दिवस छापखाना अर्ध्या तशिवाय चालला.
हत्या जुळेना. मृत्यू जुळेना.
शांतता समितीचं पत्रक आलं,
त्यात सत्य चार ठिकाणी, तेही परत गेलं.
एका चाळीतल्या सत्यनारायणाची निमंत्रणं अडली,
सगळ्यात जास्त तेच लोक चिडले.

रमाकांतचा कागद तर त्याच संध्याकाळी भिंतीवर होता.
दुसऱ्या कुणाचा टाइप, एक वेलांटी चुकलेली.
वडील थांबले. मला वाटलं, फाडतील.
त्यांनी नखाने वेलांटीवरची शाई खरवडली,
सवयीने, आणि घरी आले.

चौथ्या दिवशी अर्धे त खणात परतले.
बाइंडर यासीन परतला नाही.
मुंब्र्याला खोली घेतली म्हणे.
त्याची सुई-दोरा अजून दारामागे टांगलेली.

मी प्रभादेवीत डीटीपी करते.
पक्षांची कामं येतात, मी घेते, भाडं थांबत नाही.
इथे अक्षर संपत नाही.
कळ दाबून धरा, पानभर त्यांना त्यांना त्यांना,
आणि काहीच झिजत नाही,
कुठला शब्द या शहरावर सारखा आपटतोय
ते बोट फिरवून कळायची सोय राहिली नाही.
एकदा एक फाइल उघडली, वाचली,
म्हटलं, फॉन्ट बिघडलाय.
मुलगा हसला. दोन मिनिटांत दुसरा फॉन्ट पाठवला.

खणात परतताना एक अर्धा त कमी होता.
तो माझ्या ड्रॉवरमध्ये, पिनांच्या डबीत.
तळहातावर दाबला की सरळ उमटतो,
उजवीकडे जागा मोकळी सोडून.
मग कातडी पुन्हा वर येते.