मधलं बटण

उद्यमनगरात आमचं पॅटर्नशॉप.
लाकडाचा भुसा हवेत, कीबोर्डात, चहाच्या कपात.
गेल्या आठवड्यात तो माउसच्या चाकात गेला
आणि चाक रुसलं.
फुंकलं, टोकरलं, सुईनं कोरलं.
नाही म्हणजे नाही.

आता तुम्ही म्हणाल, माउसच तो,
कुठलाही उचला.

कसा उचलू?
भूपालअण्णा मगदूम जाताना जी सिस्टीम बसवून गेले
तिच्यात कॉपी म्हणून काही करायचंच नसतं.
अक्षरांवरून हात फिरवायचा, नुसता,
पलीकडच्या चौकटीत जायचं,
मधलं बटण दाबायचं.
उतरलं.
ओतिवाचं वजन, भोकाचा व्यास,
बीड थंड होताना किती आकसेल त्याचा हिशेब,
दिवसातून चारशे वेळा
ह्या एका बोटाखालून जातं.

राजारामपुरीत तौफिकनं काउंटरवर डबे मांडले.
एकाच्या पोटात जांभळा दिवा.
एकाला अंगठ्याशी पाच बटणं.
एक इतका गुळगुळीत की बटण दिसतच नाही,
"वाटंल तिथं दाबा, मॅडम."
प्रत्येक डब्यावर तीच चार काचांची खिडकी.
आमच्या घराचं चित्र कुठल्याच डब्यावर नसतं.

"लिनक्सला चालंल?"
"चालंल की."
"बघितलंयस?"
"…चालायला पाहिजे."

मग पिशवीतून लॅपटॉप काढला,
काळ्या पडद्यावर एक ओळ टाकली
आणि एकेकाचं शेपूट खुपसत गेले.
पहिल्याचं चाक दाबलं, मुकं.
दुसऱ्याची पाच बटणं जागी व्हायला
एक प्रोग्राम लागतो,
आणि तो प्रोग्राम आमच्या गल्लीत येत नाही.
तिसरा दर दोन सेकंदांनी डुलकी काढायचा,
हलवून उठवावा लागायचा.
मागं प्रिंटरची शाई घेऊन थांबलेले काका म्हणाले,
"आंबा बघितल्यागत काय बघताय ओ?"
काय सांगणार.
दाबूनच बघावा लागतो.

चौथा, एकशे ऐंशीचा.
काळा, वायरीचा, कंपनीचं नाव पुसट.
चाकाखाली कट् असं
बोट मोडल्यासारखं.
पडद्यावर उमटलं, तीन बटणं.
एक शब्द धरला, दुसरीकडं दाबलं.
उतरला.

तौफिक काउंटरवरून अर्धा अलीकडं वाकला.
"कॉपी कधी केलासा?"
"केलंच नाही."
"परत करा बघू."

तीनदा करून दाखवलं.
शाईवाले काकाही बघत होते.
दोन घेतले. एक मला, एक भुशाला.

दिवाळीच्या तोंडावर पुन्हा गेले
तर त्याच माउसच्या डब्यावर, खिडकीच्या चित्राशेजारी,
मार्करनं वाकडं लिहिलेलं:
लिनक्स चालतो. मधलं दाबून बघितलंय.

आणि त्याखाली
एकशे ऐंशी खोडून
दोनशे वीस.