एका पायावर

नामुन्याक गेली, नशीबवान असं जिचं नाव.
मग तिची पाठची, पांढऱ्या पोटाची.
मग कोण कोण.
आमच्यात गुरं मोजत नाहीत, नावं घेतात,
आणि त्या संध्याकाळी नावं घेऊन झाली
तेव्हा चहाला उकळीही फुटली नव्हती.

उरलेल्या चार नि सगळ्या शेळ्या देऊन
लेंगेसने वाम्बाच्या बाजारातून सांडणी आणली,
दोरी माझ्या हातात दिली
आणि नान्युकीला गेला,
कुणाच्या तरी फाटकावर रात्रभर जागायला.

सांडणी पान्हा चोरते.
गाईला म्हणायचं ते गाणं मी म्हणून पाहिलं,
शिंगांचं, कपाळावरच्या चांदाचं.
हिला ना शिंगं, ना चांद.
माझ्या डोक्यावरून डोंगराकडे बघत
रवंथ करत राहिली,
नव्या सुनेचं सासू ऐकते तशी.

धार काढायला शिकवतो रेंदिलेंचा अर्बेले, वय वर्षं दहा.
त्यांच्यात हे पोरांचं काम, आमच्यात बायकांचं,
म्हणून तो लाजतो. मीही.
एका पायावर उभी राहा.
दुसरा दुमड, गुडघ्यावर भांडं ठेव.
पिल्लाला आधी तोंड लावू दे.
आणि घाई नको, तिला कळतं.
भांडं दोनदा कलंडलं. वाळू दूध प्याली.
वाळूला काय, ती काहीही पिते.

नदीतला झिरा आता इतका खोल
की नोलारी आत उतरली की नुसता डबा वर येतो.
पावसाच्या दिवसांत जन्मली म्हणून नोलारी.
तिला हाक मारली की म्हातारे आभाळाकडे बघतात.
मी हल्ली हळूच हाक मारते.

रात्री सगळे निजल्यावर
काट्यांच्या कुंपणाशी मी एका पायावर उभी राहते,
गुडघ्यावर रिकामा तुंबा,
पाण्यावाचूनचा बगळा.
पोटरी थरथरते.
आठ गाई मोजून आणलेली बाई मी.
हो, त्या मात्र मोजल्या होत्या.

काल फोन आला.
दूध दिलं का?
दिलं. वाटीभर. खारट.
नोलारी साखर घालून प्याली.
बराच वेळ नुसतं फाटक ऐकू आलं,
उघडलेलं, लावलेलं.
मग म्हणाला, नाव काय ठेवलंस तिचं?

नाही ठेवलं अजून.
थांब, फोन खाली ठेवते,
इथे दोन्ही हात लागतात.