बिनआवाजाचा प्लांट

चेंबूरच्या गच्चीवर, रंगाच्या डब्यात
चवळी वाळली, तेव्हा सोनटक्के म्हणाले,
उपटू नकोस. मातीलगत काप.
मुळं राहू देत आत.

एकतीस वर्षं युरियाच्या प्लांटवर होते ते.
हवेतलं नत्र धरायला
केवढी भट्टी, केवढा दाब, तीन पाळ्या;
कानात अजून शिट्टी वाजते.

वेल फुलावर असताना
एक मूळ उकरून दाखवलं होतं त्यांनी:
मोहरीएवढ्या गाठी,
नखानं फोडल्या तर आतून गुलाबी.
हाही प्लांटच, म्हणाले,
पण चालू असताना हातचं सोडत नाही.
कुजला की देतो.

आता त्याच डब्यात वांगं आहे.
गुडघ्यांमुळे ते वर येत नाहीत.
जिन्यातून विचारतात, पान कसं?
मी दोनदा ओरडते:
हिरवं. गडद.